आपत्ती-सज्जतेचे शिक्षण आणि निसर्गाश्रयी साधे जीवन : यवतमाळ जिल्ह्याच्या संदर्भात

प्रस्तावना :

'आपत्ती व्यवस्थापन' हा विषय महाविद्यालयीन शिक्षणाला आता नवा राहिलेला नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर महाराष्ट्रात जिल्हावार आपत्ती आराखड्यांना चालना मिळाली. २००५ मध्ये केंद्राचा आपत्ती व्यवस्थापन कायदा संमत झाला. पदवी स्तरावर सक्तीच्या झालेल्या पर्यावरण अभ्यासातही पूर, भूकंप, चक्रीवादळ व दरड कोसळणे यांवरील घटक समाविष्ट झाला. विद्यार्थी आपत्तीची व्याख्या लिहितो, प्रकार सांगतो आणि गुण मिळवतो. परंतु सलग चार दिवस वीज नाही, नळ कोरडा आणि रस्ता तुटलेला, अशा स्थितीत हाच विद्यार्थी काय करील, याचे उत्तर त्याच्या उत्तरपत्रिकेत सापडत नाही. सज्जता ही माहिती नसून सवय आहे आणि सवय जगण्यातूनच लागते. प्रस्तुत लेखात या दृष्टीने, वीजजोडणी व नळयोजना यांवर विसंबून नसलेल्या साध्या जीवनाच्या शैक्षणिक उपयोगाचा विचार केला आहे.

जिल्ह्यातील आपत्तीचे स्वरूप :

यवतमाळ जिल्ह्याला समुद्र नाही. चक्रीवादळाचे प्रकरण येथील विद्यार्थी केवळ परीक्षेपुरतेच वाचतो. येथील संकटे पाण्याची आहेत. कधी त्याच्या अभावाची, कधी अतिरेकाची. २०१७ मध्ये पाऊस अपुरा झाला आणि २०१८ च्या उन्हाळ्यात यवतमाळ शहराला पाणी पुरविणारे निळोणा व चापडोह हे दोन्ही जलाशय आटले. नळाला पाणी येण्यातील अंतर आठवड्यांत मोजले जाऊ लागले आणि टँकरभोवती रांगा लागल्या. याच्या नेमके उलट चित्र जुलै २०२३ मध्ये दिसले. महागाव तालुक्यातील आनंदनगर तांडा पुराने वेढला गेला आणि बचावासाठी हवाई दलाच्या हेलिकॉप्टरची मदत मागवावी लागली. त्याआधी २८ सप्टेंबर २०२१ रोजी उमरखेडजवळ दहागावच्या नाल्यावर, पुलावरून पाणी वाहत असताना एसटी बस वाहून गेली व त्यात जीवितहानी झाली. भरीस भर म्हणून एप्रिल-मे महिन्यांतील तीव्र ऊन आणि मान्सूनपूर्व विजांचा कडकडाट आहेच.

पोडावरील जीवन आणि त्याचा अन्वयार्थ :

महाराष्ट्रातील कातकरी, माडिया गोंड व कोलाम या तीन विशेष असुरक्षित आदिवासी समूहांपैकी कोलामांची मोठी वस्ती याच जिल्ह्यात, केळापूर, झरी जामणी, मारेगाव, राळेगाव, घाटंजी या तालुक्यांत आहे. त्यांच्या वस्तीस 'पोड' म्हणतात. पोडावरचे पारंपरिक घर कुडाचे असते. बांबू वा पऱ्हाटी-तुराट्या यांचा कूड विणून तो माती-शेणाने लिंपलेला असतो. या घराचे वजन अल्प असते. किल्लारीत सुमारे आठ हजार माणसे मृत्युमुखी पडली, ती प्रामुख्याने जाड दगडी भिंती व मातीच्या जड धाब्यांखाली. ही तुलना वर्गात अवश्य करावी. पावसाळ्यापूर्वी सरपण आडोशाला रचून ठेवणे, मोहफुले व भाज्या वाळवून ठेवणे, बियाणे राखेत जपणे, ही कामे वनालगतच्या कुटुंबात घरकाम म्हणूनच होतात. आपत्ती व्यवस्थापनाच्या भाषेत यालाच 'साठा-नियोजन' म्हणतात, इतकेच!

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. पोडावरचे जीवन साधे आहे, पण ते बव्हंशी निवडलेले नाही. पावसाळ्यात रस्ता नसणे, दवाखाना लांब असणे, उन्हाळ्यात झऱ्यासाठी वणवण करणे हा साधेपणा नसून अभाव आहे. तो दूर करणे हे शासनाचे व समाजाचे कर्तव्यच ठरते. विद्यार्थ्यांना पोड दाखवायला नेणे आणि परतताना 'किती आनंदी आहेत हे लोक' असे म्हणणे ही शिक्षणाची थट्टा होय. अभावाचे कौतुक न करता, त्या अभावातून निपजलेले कौशल्य आदराने शिकून घेणे शक्य आहे. मात्र असे शिकविणाऱ्या ग्रामस्थाला मार्गदर्शक म्हणून मानधन द्यावे. त्याची गणना 'लाभार्थी' म्हणून होऊ नये.

कामातून शिक्षण ही कल्पना या प्रदेशाला परकी नाही. वर्धा नदी ओलांडली की सेवाग्राम येते. १९३७ च्या वर्धा शिक्षण परिषदेतून नई तालीमचा विचार पुढे आला. चंद्रपूर जिल्ह्यात सोमनाथ येथे बाबा आमटे यांनी सुरू केलेल्या श्रमसंस्कार छावणीत मे महिन्याच्या उन्हात युवक राबत आले आहेत.

पाण्याचे गणित :

आपत्तीकाळातील मदतकार्यासाठी आंतरराष्ट्रीय स्तरावर मान्य झालेला किमान निकष दरमाणशी दररोज १५ लिटर पाणी हा आहे. पिणे, स्वयंपाक आणि अंगाची प्राथमिक स्वच्छता एवढेच त्यात भागते. ५० विद्यार्थ्यांच्या शिबिरास या हिशेबाने रोज ७५० लिटर पाणी लागेल. एका हंड्यात १५ लिटर धरल्यास ५० खेपा होतात आणि विहीर अर्ध्या किलोमीटरवर असेल तर जाऊन-येऊन एकूण ५० किलोमीटर चाल होते. त्यातील निम्मी चाल १५ किलो ओझ्यासह. हे गणित फळ्यावर सोडविण्यास दोन मिनिटे पुरतात. डोक्यावरून सोडविले की तो विद्यार्थी उघडा नळ पाहून पुढे जात नाही. पाणी वाहण्याचे काम घरोघरी कोणाच्या वाट्याला येते, हे मुलांना, विशेषतः मुलग्यांना, याच खेपांतून उमगते. समाजशास्त्राच्या प्राध्यापकांनी ही संधी सोडू नये.

पाणी मिळविण्याइतकेच ते पिण्यायोग्य करणे महत्त्वाचे आहे. ओढ्याच्या वाळूत झिरा काढला की पाणी वाळूतून गाळून येते. निवळीची बी उगाळून टाकल्यास गढूळपणा खाली बसतो. झाडाचे नावच त्याच्या गुणावरून पडले आहे. तथापि निवळलेले पाणी म्हणजे निर्जंतुक पाणी नव्हे. हा भेद रसायनशास्त्राच्या वा सूक्ष्मजीवशास्त्राच्या शिक्षकाने तेथेच स्पष्ट करावा. पाण्याला खळखळून उकळी आणणे हा खात्रीचा उपाय आहे. सरपण ओले असल्यास निवळलेले पाणी पारदर्शक प्लास्टिक बाटलीत भरून किमान सहा तास कडक उन्हात ठेवता येते. आकाश ढगाळ असेल तर दोन दिवस. जुलाब झाल्यास एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर व अर्धा चमचा मीठ हे प्रमाण प्रत्येकाने न पाहता, हाताने करून दाखवावे. चमचा म्हणजे चहाचा चमचा, हे सांगावेच लागते.

ओढ्याचे वाचन :

ओढ्याकाठी राहणारा माणूस पाणी 'वाचतो'. वर आभाळ स्वच्छ असूनही प्रवाह अचानक गढूळ झाला, त्यात काडीकचरा व पालापाचोळा येऊ लागला, तर वरच्या अंगाला पाऊस झाला हे तो ओळखतो आणि काठ सोडतो. शिबिरात काठावर खुणांची काठी रोवून तासातासाला नोंद घेणे ही याच ज्ञानाची शिस्तबद्ध आवृत्ती होय. साधारण १५ सेंटिमीटर खोलीचे वेगवान पाणी प्रौढ माणसाचे पाय उखडू शकते आणि ६० सेंटिमीटर पाण्यात बहुतेक वाहने वाहून जातात. गुडघ्याएवढे पाणी म्हणजे काही नाही, हा समज म्हणूनच घातक ठरतो. दहागावसारख्या घटनेत अशा निर्णयाला वेळ मिळतो तो काही क्षणांचा. त्या क्षणी पुस्तक आठवत नाही, सवय आठवते.

अशी लोकस्मृती किती जीव वाचवू शकते, याचे उदाहरण इंडोनेशियातील सिमेलुए बेटाने दिले. १९०७ च्या त्सुनामीची आठवण तेथे 'स्मोंग' या शब्दात आणि अंगाईगीतांत जपली गेली होती. २६ डिसेंबर २००४ रोजी जमीन हादरताच लोक टेकड्यांकडे धावले. सुमारे ७८,००० लोकवस्तीच्या त्या बेटावर त्सुनामीचे बळी केवळ सात.

परंतु परंपरेतील प्रत्येक सवय तारक असते असे नाही. पाऊस आला की शेतातील झाडाखाली थांबणे ही आपल्याकडची सार्वत्रिक सवय आहे आणि विजेपासून होणाऱ्या मृत्यूंचे ते एक प्रमुख कारण आहे. येथे विज्ञानाचाच आधार घ्यावा लागतो. ध्वनीला एक किलोमीटर अंतर कापण्यास सुमारे तीन सेकंद लागतात. वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंतचा अवधी तीस सेकंदांहून कमी असेल, तर पक्क्या इमारतीचा आसरा घ्यावा. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने विकसित केलेले 'दामिनी' ॲप उपयुक्त आहेच. परंतु मोबाइलची बॅटरी संपली तरी अंक मोजता येतात.

शिबिराचा काळ :

या शिक्षणासाठी नवी यंत्रणा उभारण्याची गरज नाही. १९६९ पासून सुरू असलेल्या राष्ट्रीय सेवा योजनेचे सात दिवसांचे निवासी विशेष शिबिर प्रत्येक महाविद्यालयाला परिचित आहे. प्रत्यक्षात मात्र जनरेटर, टँकर, ध्वनिक्षेपक आणि आचारी यांची व्यवस्था आधी होते व विद्यार्थी नंतर येतात. किमान तीन दिवस यांपैकी काहीही न मागविता शिबिर चालवावे. प्रथमोपचार पेटी, तातडीसाठी एक वाहन व नजीकच्या आरोग्य केंद्राशी पूर्वसंपर्क मात्र अनिवार्य मानावा.

खरा प्रश्न वेळेचा आहे. ही शिबिरे बहुधा डिसेंबर-जानेवारीत होतात. तेव्हा विहिरींना पाणी असते, ऊन कोवळे असते, ओढे शांत असतात. म्हणजे जिल्ह्याच्या दृष्टीने वर्षातील सर्वांत निर्धोक पंधरवडा सज्जतेच्या शिक्षणासाठी निवडला जातो. हिवाळी शिबिर कायम ठेवून त्याच गावी आणखी दोन छोटे मुक्काम जोडता येतील. एक मार्चच्या अखेरीस, ऊन असह्य होण्यापूर्वी, झिरे व विहिरींची पातळी मोजण्यासाठी. दुसरा सप्टेंबरमध्ये, सुरक्षित उंचीवरून ओढा पाहण्यासाठी आणि कोणता रस्ता कितव्या पावसाला तुटतो याचा नकाशा गावकऱ्यांसह काढण्यासाठी. मार्चचा मुक्काम परीक्षांच्या वेळापत्रकात अडेल, अशी हरकत येईल. ती खरी आहे. त्यासाठी प्रथम वर्षाच्या विद्यार्थ्यांची निवड आणि शनिवार-रविवार हे दोनच दिवस, एवढी तडजोड पुरेशी ठरते. तयार झालेल्या नकाशाची एक प्रत ग्रामपंचायतीच्या भिंतीवर आणि दुसरी तहसील कार्यालयात, जूनपूर्वी पोहोचली पाहिजे.