उसवली की विरली? अर्धवट गोधडीची दुरुस्ती

गोधडीची शिवण दोनच कारणांनी सुटते. एक तर दोरा तुटतो, नाहीतर कापडच दगा देते. मराठीने या दोन्हींना वेगळे शब्द दिले आहेत. टाके निघाले तर शिवण उसवली. कापडाचा धागा झिजून जाळी झाली तर कापड विरले. उसवलेले पुन्हा शिवता येते. विरलेल्यावर तसाच टाका घातला तर नवा दोरा उरलेले कापडही कापतो आणि बोटभर भोकाचे वीतभर होते. गोधडी चारी बाजूंनी बंद झाल्यावर हा फरक शोधणे अवघड जाते. अर्धवट गोधडीची एखादी बाजू अजून मोकळी असते, आत हात जातो, मधले थर उचलून पाहता येतात. शिवण सुटायचीच असेल तर ती शिवता शिवता सुटलेली बरी.

ओळखायचे कसे? सुटलेली जागा उजेडाकडे धरून दोन्ही कडा पाहाव्यात. कडेला सुईची भोके ओळीने शाबूत दिसत असतील आणि तुटक्या दोऱ्याची टोके लोंबत असतील, तर ती उसवलेली शिवण. टाके जागच्या जागी आहेत, पण त्यांच्यात कापडाच्या नुसत्या दशा अडकल्या आहेत, तर कापड विरले आहे. शंका राहिली तर शिवणीलगतचे कापड दोन्ही अंगठ्यांनी हलके ताणावे. चांगले कापड ताण घेते. विरलेले लगेच आवाज करते, आणि तो आवाज शिवणाऱ्या बाईला न पाहताही कळतो.

नाशिकजवळच्या देवळाली कॅम्प, भगूर, लहवित या पट्ट्यात गोधडी ही शोभेची वस्तू नव्हे. डिसेंबर-जानेवारीत नाशिकचा पारा १० अंशांच्या खाली उतरतो आणि छावणीच्या मोकळ्या माळावर वारा चांगलाच बोचतो. देवळालीच्या याच कोरड्या, थंड हवेसाठी मुंबईकरांनी इथे बंगले आणि सॅनिटोरियम बांधली. गोधडी शिवायचा काळ मात्र उन्हाळा. द्राक्षाचा आणि कांद्याचा हंगाम उतरला, जुनी लुगडी धुऊन कडक उन्हात वाळली, की थर घातले जातात आणि पावसाच्या आत गोधडी हातावेगळी करायची असते. ते न जमल्यास ती गुंडाळून माळ्यावर जाते आणि दिवाळीच्या सुमारास पुन्हा उघडली जाते. अर्धवट गोधडीच्या बऱ्याच शिवणी सुटलेल्या सापडतात त्या याच वेळी.

दुरुस्तीसाठी गोधडीची रचना माहीत हवी. रजईत पिंजलेला कापूस असतो, गोधडीत नसतो. वर आणि खाली लुगड्याची किंवा सहावारीची खोळ, आणि मध्ये धोतर, सदरे, चादरी यांचे सपाट पसरलेले थर. सगळे जमिनीवर ताणून, कडांना वजने ठेवून, लांब लांब कच्च्या दोऱ्याने टाचले जाते. मग कडेपासून धावदोरा सुरू होतो आणि चौकोनात चौकोन करत मध्याकडे जातो. पाश्चात्य पद्धतीने क्विल्ट शिवणारे साधारणपणे उलट, मध्यातून कडेकडे जातात, कारण कापडाचा जास्तीचा झोळ बाहेर काढता येतो. गोधडीत तो झोळ मध्यावर साठतो. पहिला कच्चा दोरा आळसाने घातला असेल तर त्याचा ताण शेवटच्या फेऱ्यांवर आणि मधल्या जोडावर येतो. उत्तर कर्नाटकातली कौदी आणि सिद्दी समाजाची कवंदीही अशीच कडेकडून आत जाते, त्यामुळे ही अडचण एकट्या नाशिककरांची नाही.

गोधडीत शिवणी दोन प्रकारच्या असतात. खोळ मोठी करण्यासाठी दोन तुकडे जोडतात, तो जोड. सगळे थर एकत्र धरतो, तो धावदोरा. धावदोरा सुटला तर फारसे बिघडत नाही, शेजारच्या ओळी थर धरून ठेवतात. जोड सुटला तर मधले थर बाहेर डोकावू लागतात. त्यातही काठाला काठ लावून केलेला जोड सहसा टिकतो, कारण लुगड्याच्या काठाच्या दशा निघत नाहीत. कापलेली कड पाव इंच, म्हणजे शिंप्याच्या भाषेत दोन सूत माया (शिवणीबाहेर सोडलेले कापड) ठेवून शिवली असेल, तर जुन्या सुती कापडात ती माया धुण्याआधीच संपू शकते. सिंथेटिक साडीचा दोष वेगळा. ती विरत नाही, पण गुळगुळीत धागा टाक्यातून सरकतो आणि शिवण न तुटताच तोंड उघडते. अशा कापडाला मायाच अर्धा इंच द्यावी.

आता उसवलेला धावदोरा. लोंबणारा दोरा ओढणे ही पहिली चूक. तो ओढला की चुण्या पडतात आणि चांगले टाकेही निघत जातात. तुटल्या जागेच्या दोन्ही अंगांना चार-पाच टाके सुईच्या टोकाने उचलून मोकळे करावेत, म्हणजे बांधता येईल एवढे टोक मिळते. ते सुईत ओवून थरांच्या पोटात ओढून घ्यावे. नवा दोरा तुटल्या जागेच्या दोन इंच आधी सुरू करावा, पहिले टाके जुन्याच भोकांतून जावेत आणि सुरुवातीला व शेवटी एक-एक टीप, म्हणजे मागे फिरून घातलेला टाका, असावा. गाठ वर दिसू देऊ नये. ती हलक्या झटक्याने खोळीतून आत ओढली की मधल्या थरात अडकून बसते. या कामाला सुती दोराच हवा. पॉलिएस्टरचा दोरा मजबूत म्हणून निवडला जातो, पण जुन्या लुगड्यापेक्षा मजबूत दोरा ताण आला की स्वतः तुटत नाही, लुगडे कापतो. गोधडीत दोरा तुटलेला परवडतो, कापड फाटलेले परवडत नाही.

जोड उसवला असेल आणि धावदोरा तिथवर पोचलेला नसेल तर कच्चा दोरा काढून, खोळ उलटी करून, आतून पुन्हा शिवावी. मशिनवर शिवायची असल्यास सुई नवी आणि दोनच थरांना साजेशी, १४ क्रमांकाची घ्यावी. थर एकत्र शिवताना लागणाऱ्या १६ किंवा १८ क्रमांकाच्या जाड सुईने जुन्या कापडाला नको तेवढी मोठी भोके पडतात.

खरी परीक्षा असते ती धावदोऱ्याच्या ओळी सुटलेला जोड ओलांडून गेल्या असतील तेव्हा. पुष्कळजणी इथे घाबरून सगळी गोधडी उसवतात. तशी गरज नसते. जोड तीन-चार बोटांएवढाच सुटला असेल तर बाहेरूनच काम होते. मधल्या थराच्या डोकावणाऱ्या कडा सुईच्या डोळ्याकडच्या बाजूने आत ढकलाव्यात. दोन्ही कडांची माया आत दुमडून नखाने घडी पक्की करावी आणि टाचण्या आडव्या लावाव्यात. मग सुई एका घडीच्या आतून काढून, समोरच्या घडीत शिरवून, घडीच्या आतून दीड-दोन सूत पुढे न्यावी आणि पुन्हा पहिल्या बाजूला यावे. दोरा दोन कडांमध्ये शिडीच्या पायऱ्यांसारखा दिसतो. चार-पाच पायऱ्या झाल्या की दोरा हळूच ओढावा: पायऱ्या मिटतात, कडा जुळतात आणि टाका नाहीसा होतो. हा लॅडर स्टिच दिसायला जादूसारखा असला तरी त्याची सगळी किमया ओढण्याच्या बेतात आहे. जास्त ओढला तर ती जागा आक्रसते आणि शेजारच्या चौकोनात फुगा येतो.

सुटलेला भाग वीतभर किंवा जास्त असेल, तर जोडाच्या दोन्ही बाजूंना चार-चार बोटे धावदोरा काढावा, मधले थर बाजूला सारावेत, खोळ आतल्या बाजूने उघडून बारीक टीप घालावी, माया एका अंगाला निजवावी आणि काढलेला धावदोरा परत घालावा. वेळ लागतो, पण मजबुती शिडीच्या टाक्यापेक्षा नक्कीच जास्त.

कापड विरले असेल तर यातले काहीच उपयोगाचे नाही. जास्त माया घेऊन चांगल्या कापडापर्यंत जावे असे वाटते, पण बाजूचे थर पहिल्याच मापाने शिवलेले असतात. दोन्ही बाजूंनी अर्धा-अर्धा इंच खाल्ला तर खोळ एका इंचाने तोकडी पडते आणि चुण्या कायमच्या बसतात. इथे ठिगळ लावावे. ठिगळ भोकाच्या मापाचे नव्हे, विरलेल्या भागाच्या मापाचे हवे. कापड उजेडात धरले की जाळी कुठवर गेली ते दिसते, त्याच्या पुढे सगळीकडून दोन बोटे धरावीत. ठिगळाचा उभा धागा खोळीच्या उभ्या धाग्याला समांतर ठेवावा. तिरका ठेवला तर ठिगळ लवचिक होते आणि काही महिन्यांत लोंबते. कापड जुने, पुष्कळदा धुतलेले घ्यावे. नवे सुती कापड पहिल्या धुण्यात आटते आणि भोवतालची खोळ ओढून घेते. गडद रंगाचे असेल तर ओल्या पांढऱ्या फडक्याने घासून पाहावे, फडक्यावर रंग उतरला तर तो गोधडीवरही उतरणार. कडा आत मुडपून हातशिलाई करावी आणि मग शेजारचा धावदोरा ठिगळावरूनच पुढे न्यावा, म्हणजे ठिगळ एकट्या आपल्या कडेवर लटकत नाही. गोधडीत ठिगळाला कमीपणा नाही. अख्खी गोधडीच जुन्या कपड्यांची असते, तिथे आणखी एका तुकड्याची लाज कशाची!

दुरुस्ती झाल्यावर शिवण पुढे चालू करण्याआधी गोधडी सपाट अंथरून त्या जागेवरून तळवा फिरवावा. हाताला उंचवटा लागला तर खालचा थर दुमडला आहे. तो आताच सारखा करावा, नाहीतर त्याच घडीवर झीज होऊन खोळ पुन्हा विरते.

काम पावसापर्यंत संपत नसेल तर थांबल्या जागेवर दोऱ्याची सैल गाठ मारून रंगीत चिंधी बांधावी, गोधडी घडी न घालता गुंडाळावी आणि उंदरांच्या वाटेपासून दूर, स्वच्छ सुती कापडात बांधून ठेवावी. सुई मात्र तिच्यात टोचून ठेवू नये. पावसाळी दमट हवेत ती गंजते, गंजाचा तांबूस डाग धुऊन जात नाही, आणि त्या डागाखालचा सुती धागा कुजून पहिल्यांदा तिथेच विरतो.