डोळ्यांची गोष्ट – भाग ७ : पिकण्याची वाट पाहू नका

मागच्या भागात आपण चाळिशी पाहिली. डोळ्यातलं भिंग वयाबरोबर ताठर होतं आणि वर्तमानपत्र हातभर लांब धरावं लागतं, ही ती गोष्ट. आज त्याच भिंगाचा पुढचा प्रवास. चाळिशीत त्याचा लवचीकपणा जातो. साठीच्या पुढेमागे त्याची पारदर्शकता कमी होऊ लागते. यालाच आपण मोतीबिंदू म्हणतो.

माझ्या लहानपणी आजीला दिसेनासं झालं, तेव्हा तालुक्याच्या डॉक्टरांनी बॅटरी मारून डोळा पाहिला आणि सांगितलं, "अजून कच्चा आहे. पिकू द्या, मग काढू." आजीने दोन दिवाळ्या वाट पाहिली. आधी सुईत दोरा ओवणं सुटलं, मग तांदूळ निवडणं, आणि शेवटी तिला चुलीजवळ बसायलाही आईने मनाई केली. त्या डॉक्टरांचं काही चुकलं नव्हतं. त्या काळी तोच सल्ला योग्य होता. पण 'पिकला की करू' हे वाक्य मी आजही घराघरांत ऐकते, आणि आता मात्र ते नुकसान करतं. मधल्या काळात काय बदललं, ते आज पाहू. शस्त्रक्रियेचे पर्यायही त्यातूनच उलगडतील.

भिंग गढूळ का होतं?

बाहुलीच्या मागे, मसुराच्या दाण्यासारखं दोन्हीकडून फुगीर, साधारण ९ ते १० मिलिमीटर व्यासाचं हे भिंग एका पातळ पिशवीत बसलेलं असतं. त्यात रक्तवाहिन्या नसतात. असतात फक्त पाणी आणि अतिशय शिस्तीत रचलेली प्रथिनं. त्या शिस्तीमुळेच प्रकाश आरपार जातो. शरीरातल्या बहुतेक पेशी बदलत राहतात, पण भिंगाच्या गाभ्यातली प्रथिनं आईच्या पोटात असताना तयार होतात आणि जन्मभर तीच राहतात. सत्तर वर्षांचं ऊन, रक्तातली साखर, विडी-सिगारेटचा धूर हे सगळं त्यांना सोसावं लागतं. मग त्यांची रचना मोडते आणि गुठळ्या होऊ लागतात. तव्यावर अंडं फोडलं की त्यातला पारदर्शक भाग पाहता पाहता पांढरा होतो, तसंच हे. फक्त वेग वर्षानुवर्षांचा.

शिजलेलं अंडं पुन्हा कच्चं होत नाही. म्हणूनच कुठल्याही थेंबाने, मधाने किंवा कांद्याच्या रसाने मोतीबिंदू विरघळत नाही. उलट असे प्रयोग डोळ्याला इजा करतात. आणि मोतीबिंदू हा डोळ्यावर वाढलेला पडदाही नाही, की वरून खरवडून काढावा. मूळ भिंगच गढूळ झालेलं असतं.

वय हे मुख्य कारण असलं, तरी मधुमेह, दीर्घकाळ घेतलेली स्टेरॉइड आणि डोळ्याला लागलेला मार यांमुळे तो लवकर येऊ शकतो. गरोदरपणी आईला रुबेला झाला, तर बाळ मोतीबिंदू घेऊनच जन्माला येऊ शकतं. बाळाची बाहुली पांढरट दिसली तर एक दिवसही थांबू नये, कारण पहिल्या महिन्यांत मेंदू पाहायला शिकत असतो.

मोठ्यांमध्ये लक्षणं हळूहळू येतात. धुक्यातून पाहिल्यासारखं वाटतं, समोरून येणाऱ्या गाडीच्या दिव्याने डोळे दिपतात, रंग पिवळसर आणि मळकट दिसतात, चष्म्याचा नंबर वारंवार बदलतो. एक लक्षण तर चकवणारं आहे. कधी कधी आजोबा एकाएकी चष्म्याशिवाय वर्तमानपत्र वाचू लागतात आणि घरात कौतुक होतं. प्रत्यक्षात भिंगाचा गाभा घट्ट होऊन नंबर उणेकडे सरकलेला असतो. ही सुधारणा थोड्या काळाची असते.

'पिकू द्या' यामागचं कारण

मोतीबिंदूवरचा उपाय आपल्याकडे फार जुना आहे. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात शलाकेने डोळ्यावर करायची क्रिया सांगितली आहे. अशा पद्धतीत गढूळ भिंग बाहेर काढत नसत, ते आत मागे ढकललं जाई. प्रकाशाची वाट मोकळी होई, पण डोळ्यात जंतुसंसर्ग होण्याचा किंवा दाब वाढण्याचा धोका मोठा असे. भिंग डोळ्याबाहेर काढण्याची पद्धत फ्रान्सच्या जाक दाव्हिएल यांनी १७४७ साली सुरू केली.

भिंग बाहेर काढायचं, तर ते पिकलेलं असणं सोयीचं होतं. कच्च्या मोतीबिंदूचा बाहेरचा भाग चिकट असतो. तो आत राहिला की डोळा सुजायचा. पूर्ण पिकलेला मोतीबिंदू स्वच्छ निघायचा. शिवाय भिंग काढल्यावर त्या जागी बसवायला काही नव्हतं. मोठा छेद, टाके, डोक्याच्या दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या ठेवून दिवसेंदिवस निश्चल पडून राहणं, आणि त्यानंतर दहाच्या आसपास नंबरचा जाडजूड चष्मा. आजीला तो मिळाला तेव्हा तिला आमचे चेहरे दिसले, पण पाण्याचा तांब्या नेहमी अलीकडे भासायचा आणि तिचा हात हवेत मिटायचा. त्या काचेतून सगळं सुमारे पाव पटीने मोठं दिसतं, कडेचं वाकतं. एका डोळ्याला असा चष्मा आणि दुसरा डोळा बरा असेल, तर एकाच वस्तूच्या दोन आकृत्या दिसतात. असं ऑपरेशन माणसाला जवळजवळ काहीच दिसत नसेल तेव्हाच करणं शहाणपणाचं होतं. 'पिकू द्या' हा सल्ला त्यातून आला.

दोन शोध आणि एक कारखाना

पहिला शोध भिंगाचा. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश वैमानिकांच्या डोळ्यांत विमानाच्या फुटलेल्या छताचे प्लॅस्टिकचे कण घुसत. लंडनच्या हॅरॉल्ड रिडली यांच्या लक्षात आलं की हे कण डोळ्यात वर्षानुवर्षं राहूनही डोळा त्यांना विरोध करत नाही. त्याच जातीच्या प्लॅस्टिकचं भिंग करून त्यांनी २९ नोव्हेंबर १९४९ रोजी सेंट थॉमस रुग्णालयात एका रुग्णाच्या डोळ्यात बसवलं. पुढची कित्येक वर्षं त्यांना समव्यावसायिकांचा विरोध सोसावा लागला. आज जगभर कोट्यवधी डोळ्यांत असं भिंग आहे.

दुसरा शोध छेद लहान करण्याचा. दातांवरचं किटण काढणारं ध्वनिलहरींचं यंत्र दंतवैद्याकडे पाहून अमेरिकेच्या चार्ल्स केलमन यांना सुचलं, की असंच कंपन वापरून भिंग आतल्या आत फोडून शोषून घेता येईल. १९६७ साली त्यांनी ते मांडलं. हेच फेको.

आणि कारखाना मदुराईचा. परदेशी भिंगाची किंमत गरिबाला परवडत नव्हती. डॉ. गोविंदप्पा वेंकटस्वामी यांच्या अरविंद नेत्र रुग्णालयाने १९९२ साली ऑरोलॅब सुरू करून भिंगं इथेच बनवली आणि किंमत खूप खाली आणली. आपल्याकडे शिबिरातल्या रुग्णालाही भिंग मिळू लागलं, त्यात या कारखान्याचा मोठा वाटा आहे.

आज कोणते पर्याय आहेत?

फेकोमध्ये साधारण अडीच मिलिमीटरचा छेद घेतात. भिंगाच्या पिशवीला पुढून गोल खिडकी पाडतात, ध्वनिलहरींनी गाभ्याचे तुकडे करून शोषून घेतात, आणि त्याच रिकाम्या पिशवीत घडी घातलेलं मऊ भिंग सोडतात. ते आत जाऊन उलगडतं. टाका बहुधा लागत नाही. पुष्कळदा थेंबांचीच भूल पुरते, आणि रुग्ण त्याच दिवशी घरी जातो. लोक याला 'लेसरचं ऑपरेशन' म्हणतात. फेकोत लेसर नसतो. काम ध्वनिलहरींचं असतं.

दुसरी पद्धत लहान छेदाची, हाताने करायची. डॉक्टर तिला एसआयसीएस म्हणतात. डोळ्याच्या पांढऱ्या भागातून सहा-सात मिलिमीटरचा तिरपा बोगदा करून गाभा अखंड बाहेर काढतात. बोगदा आतल्या दाबाने आपोआप मिटतो, त्यामुळे इथेही टाका सहसा लागत नाही. महागडं यंत्र लागत नाही, आणि फार कडक किंवा पांढऱ्या झालेल्या मोतीबिंदूला ही पद्धत पुष्कळदा अधिक सुरक्षित ठरते. पुण्याच्या ह. वि. देसाई नेत्र रुग्णालयात दोन्ही पद्धतींची तुलना झाली. ती २००५ साली प्रसिद्ध झाली. फेकोनंतर बिनचष्म्याची नजर अधिक जणांना चांगली मिळाली, पण चष्मा लावल्यावर दोन्ही गट जवळजवळ सारखेच निघाले. म्हणून शिबिरात एसआयसीएस झालं, तर आपल्याला कमी प्रतीचं मिळालं असं मनात आणू नये.

तिसरा पर्याय फेम्टोसेकंद लेसरचा. छेद, पिशवीची खिडकी आणि गाभ्याचे सुरुवातीचे तुकडे लेसर करतो. पुढचं काम फेकोनेच होतं. खर्च बराच वाढतो, पण मोठ्या चाचण्यांमध्ये चांगल्या हाताने केलेल्या फेकोपेक्षा दृष्टी सरस मिळाल्याचं दिसलेलं नाही.

भिंगाची निवड हा निराळा प्रश्न आहे. एककेंद्री भिंगाने लांबचं स्पष्ट दिसतं, वाचायला चष्मा लागतो. बुबुळाला तिरपा नंबर असेल तर टोरिक भिंग तो भरून काढतं. बहुकेंद्री भिंगाने चष्म्यावरचं अवलंबन कमी होतं, पण रात्री दिव्यांभोवती वलयं दिसू शकतात आणि अंधुक उजेडात चित्र थोडं फिकट वाटतं. रात्री गाडी चालवणाऱ्याने किंवा डोळ्याच्या पडद्याचा आजार असलेल्याने त्याचा नीट विचार करावा. भिंग महाग असलं म्हणजे नजर अधिक चांगली, असं समीकरण नाही. त्यापेक्षा महत्त्वाची ऑपरेशनपूर्वीची मोजणी: डोळ्याची लांबी मोजण्यात एका मिलिमीटरची चूक झाली तरी नंबर अडीच-तीनने चुकतो.

मग केव्हा करायचं?

उत्तर मोतीबिंदूकडे पाहून नाही, तुमच्या दिवसाकडे पाहून द्यायचं. वाचन, शिवण, शेतातली वाट, रात्रीचा जिना, दुचाकी यांपैकी काही अडत असेल आणि चष्म्याने भागत नसेल, तर वेळ झाली. काहीच अडत नसेल तर घाई नको. दर वर्षी तपासणी पुरे. मात्र पिकण्याची वाट पाहू नका. कडक गाभा फोडायला अधिक शक्ती लागते, आणि तिचा मार बुबुळाच्या आतल्या पेशींना बसतो. त्या पेशी पुन्हा तयार होत नाहीत. अति पिकलेलं भिंग फुगून किंवा पाझरून डोळ्याचा दाब वाढवतं. तेव्हा असह्य दुखतं आणि दृष्टी कायमची जाऊ शकते.

२०१५ ते २०१९ या काळातल्या राष्ट्रीय सर्वेक्षणात पन्नाशीपुढच्या लोकांच्या अंधत्वात ६६.२ टक्के वाटा उपचार न झालेल्या मोतीबिंदूचा होता. म्हणजे तीनांतल्या दोघांना दिसू शकलं असतं. राष्ट्रीय अंधत्व नियंत्रण कार्यक्रम १९७६ पासून चालू आहे आणि जिल्हा रुग्णालयांत हे ऑपरेशन विनामूल्य होतं. अडतं ते 'आता या वयात कशाला', 'सोबत कोण येणार' अशा वाक्यांपाशी. घरातल्या बायकांच्या बाबतीत तर ही वाक्यं त्या स्वतःच म्हणतात.

ऑपरेशन ठरलं की साखर आणि रक्तदाब आटोक्यात आणा. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर सांगा, पण मनाने बंद करू नका. लघवीच्या त्रासासाठी टॅमसुलोसिन घेत असाल तर आवर्जून सांगा. त्या गोळीने बाहुलीचा पडदा सैल पडतो आणि सर्जनला आधी तयारी करावी लागते. ऑपरेशननंतर सुमारे महिनाभर थेंब वेळेवर घाला, डोळा चोळू नका, डोक्यावरून पाणी घेऊ नका, चुलीचा धूर आणि कडब्याची धूळ टाळा. डोळा दुखू लागला, लाल झाला किंवा नजर पुन्हा कमी झाली, तर सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठा. आत जंतुसंसर्ग झाला असेल तर प्रत्येक तास मोलाचा असतो. काही महिन्यांनी किंवा वर्षांनी पुन्हा धूसर दिसलं, तर बहुधा भिंगामागची पिशवी धुरकटलेली असते. तिथे मात्र खरोखर लेसर वापरतात, आणि काम काही मिनिटांत होतं.

गेल्या वर्षी आईचं ऑपरेशन झालं. तिचा मोतीबिंदू कच्चाच होता, पण पोथीतली अक्षरं एकमेकांत मिसळू लागली होती. दुसऱ्या दिवशी पट्टी काढल्यावर ती बराच वेळ भिंतीकडे पाहत राहिली आणि म्हणाली, "ही भिंत पांढरी आहे होय? मला वाटलं, रंग उडालाय." घरी आल्यावर तिने पहिल्यांदा तांदळाचं ताट पुढे ओढलं.

मोतीबिंदूने गेलेली दृष्टी परत आणता येते. नावात बिंदूच असलेल्या दुसऱ्या एका आजाराने गेलेली दृष्टी मात्र परत येत नाही, आणि बहुतेकदा तो दुखतही नाही, कळतही नाही. पुढच्या आठवड्यात काचबिंदू.