साठ्यात लोह आहे, पण हाताशी नाही

भारतातून आई-वडिलांचा रक्ताचा रिपोर्ट व्हॉट्सॲपवर येतो: क्रिएटिनिन वाढलेलं, हिमोग्लोबिन ९. तुमच्या मनात पहिला विचार येतो, इथून लोहाच्या गोळ्या पाठवाव्यात. जरा थांबा. मूत्रपिंडाच्या दीर्घकालीन आजारातला ॲनिमिया इतका सरळ नसतो.

मूत्रपिंडं नुसतं रक्त गाळत नाहीत. ती एरिथ्रोपोएटिन नावाचं संप्रेरक तयार करतात. त्याच्या इशाऱ्यावर हाडांतल्या मज्जेत तांबड्या पेशी बनतात. मूत्रपिंडं थकली की हा इशारा क्षीण होतो.

दुसरी अडचण लोहाची. नव्या तांबड्या पेशींसाठी रोज साधारण २० ते २५ मिलिग्रॅम लोह लागतं. आतड्यातून जेमतेम १-२ मिलिग्रॅम मिळतं. बाकीचं जुन्या पेशी मोडून पुन्हा वापरलं जातं. या व्यवहाराच्या किल्ल्या यकृतात बनणाऱ्या हेप्सिडिनकडे असतात. मूत्रपिंडाच्या आजारात हेप्सिडिन वाढतं. मग आतडं लोह नीट शोषत नाही आणि साठ्यातलं लोह तिथेच अडकतं.

म्हणून रिपोर्टमधले दोन आकडे एकत्र पाहा. फेरिटिन साठा दाखवतं, पण शरीरात दाह असला की तेही वाढतं. ट्रान्सफेरिन सॅच्युरेशन वापरासाठी फिरणाऱ्या लोहाचा अंदाज देतं. फेरिटिन भरपूर आणि सॅच्युरेशन २० टक्क्यांखाली, असंही होऊ शकतं. नुसतं फेरिटिन पाहून 'लोह ठीक आहे' म्हणू नका.

डायलिसिस सुरू नसेल तर डॉक्टर बहुधा आधी गोळ्या देऊन पाहतात. त्या चहाबरोबर किंवा कॅल्शियमच्या गोळीबरोबर घेतल्या तर लोह कमी शोषलं जातं. हिमोडायलिसिसवर असलेल्यांना लोह सहसा शिरेतून देतात. ब्रिटनमध्ये अशा २,१४१ रुग्णांवर झालेल्या 'पिव्होटल' चाचणीचे निष्कर्ष २०१९ मध्ये छापून आले. एका गटाला दरमहा ४०० मिलिग्रॅम लोह दिलं. फेरिटिन ७०० च्या वर किंवा सॅच्युरेशन ४० टक्क्यांवर गेलं की थांबवलं. दुसऱ्या गटाला पातळी घसरल्यावरच दिलं. मृत्यू, हृदयविकाराचा झटका, पक्षाघात किंवा हृदय निकामी होऊन इस्पितळात भरती, यांपैकी काहीतरी पहिल्या गटात २९.३ टक्के जणांना झालं, दुसऱ्यात ३२.३ टक्के. पहिल्या गटाला एरिथ्रोपोएटिनसारखी औषधंही कमी लागली. मात्र थांबण्याची मर्यादा हा त्या उपचाराचाच भाग होता, हे विसरू नका.

आणि बीट, खजूर, पालक? त्यांत पोटॅशियम बरंच असतं. मूत्रपिंडं अशक्त असताना ते रक्तात साचून हृदयाचे ठोके बिघडू शकतात.

तेव्हा पार्सल बांधण्याआधी फोन करा आणि डॉक्टरांना विचारायला सांगा: फेरिटिन किती, सॅच्युरेशन किती, आणि लोह गोळीतून द्यायचं की शिरेतून?