गावची ज्वारी गावच्या रेशनला हवी

रेशनच्या दुकानात गहू येतो, तांदूळ येतो. पण आपल्या शिवारात पिकणारी ज्वारी, बाजरी, नाचणी तेथे क्वचितच दिसते. असे का व्हावे, याचा विचार प्रत्येक कष्टकरी कुटुंबाने केला पाहिजे, असे आम्हाला वाटते.

१९६५ साली भारतीय अन्न महामंडळ स्थापन झाले. सरकारने हमीभावाने मुख्यतः गहू व तांदूळ खरेदी केला आणि तोच देशभर वाटला. त्यामुळे गोरगरिबांना मोठा आधार मिळाला, हे मान्यच केले पाहिजे. परंतु ज्वारी-बाजरीचा हमीभाव जाहीर होत राहिला, खरेदी मात्र फारच थोडी झाली. ज्या धान्याला गिऱ्हाईक नाही, ते शेतकरी किती दिवस पेरणार? यात कोरडवाहू तुकडा कसणारा लहान शेतकरी सर्वांत अधिक भरडला गेला.

याला दुसरा मार्ग आहे, आणि तो दलित स्त्रियांनीच दाखवून दिला आहे. तेलंगणातील जहीराबाद भागात डेक्कन डेव्हलपमेंट सोसायटी ही संस्था १९८३ पासून काम करते. तिच्या गावोगावच्या महिला संघांत बहुसंख्य स्त्रिया दलित, अल्पभूधारक किंवा शेतमजूर आहेत. १९९०च्या दशकात केंद्राच्या ग्रामीण विकास मंत्रालयाच्या साहाय्याने या संघांनी पडीक जमिनी लागवडीखाली आणल्या. नांगरट, खत, खुरपणी यांसाठी शेतकऱ्यांना कर्ज दिले. ते पैशांत नव्हे, ज्वारीच्या रूपाने फेडून घेतले. ती ज्वारी गावातच साठवली आणि गरीब घरांना स्वस्त दराने दिली. अधिक गरजू कोण, हेही गावात बसून ठरविले. माणसांना भाकर मिळाली, गुरांना कडबा मिळाला, मजुरांना गावातच काम मिळाले. २०१९ साली या संस्थेला संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाचा इक्वेटर पुरस्कार लाभला.

म्हणजे सरकारी पैसा आणि गावातील स्त्रियांचा कारभार एकत्र आला, तर हे घडू शकते. कायद्याचीही आडकाठी नाही. २०१३ च्या राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायद्यात गहू-तांदळाबरोबर भरड धान्यही आहे. २०१८ साली केंद्राने त्याला ‘पौष्टिक तृणधान्य’ असे नाव दिले; २०२३ हे वर्ष तर संयुक्त राष्ट्रांनी त्यालाच वाहिले. पण नुसत्या गौरवाने चूल पेटत नाही. हंगामात खरेदी केंद्र वेळेवर उघडले पाहिजे, तालुक्यात गोदाम पाहिजे आणि तेथील धान्य तेथल्याच रेशन दुकानात, अंगणवाडीत गेले पाहिजे.

याच कायद्याने रेशन दुकानाच्या पातळीपर्यंत दक्षता समित्या सांगितल्या आहेत. त्यांत अनुसूचित जाती, जमाती आणि स्त्रिया यांना प्रतिनिधित्व आहे. आपल्या वस्तीतील माता-भगिनींनी त्या समितीत बसावे, ग्रामसभेत उभे राहावे आणि विचारावे : आमच्या शिवारातली ज्वारी आमच्या दुकानात केव्हा येणार? मागितल्याशिवाय कोणताही हक्क घरी चालत येत नाही.