ग्राफिक्स कार्डाची पारख

घरांत दागिना घ्यावयाचा झाला, म्हणजे आपल्याकडील वडील माणसें सोन्याचा कस पाहतात, वजन पाहतात, घडणावळ विचारतात, आणि मगच पैशाची गांठ सोडतात. परंतु त्याच घरांत मुलाच्या संगणकासाठीं वीस-पंचवीस हजारांचें ग्राफिक्स कार्ड आणावयाचें असतां ही सारी दक्षता कोठें जाते कोण जाणे ! खोक्यावरील सर्वांत मोठा आंकडा पाहून निकाल दिला जातो. तो पुष्कळदां चुकतो, आणि मग घरांत जो वाद होतो त्याचें खापर मुलाच्या डोक्यावर फुटतें. आमच्याही घरीं असें झालें. तें पुढें सांगतों. आधीं हें कार्ड करतें काय, तें पाहूं.

मालेगांवच्या माणसास तें समजावून देणें सोपें आहे. संगणकाचा मुख्य प्रोसेसर हा येवल्याच्या पैठणी विणणाऱ्या कारागिरासारखा. पदरावरील प्रत्येक मोर तो निराळ्या विचारानें काढतो, परंतु त्याचे हात दोनच. ग्राफिक्स कार्ड म्हणजे यंत्रमागांची शेड. एकेक माग साधेंच कापड विणतो, पण सारे माग एकदम चालतात. पडद्यावरील चित्र हें असेंच साधें परंतु अफाट काम आहे. फुल एचडी पडद्यावर १९२० गुणिले १०८०, म्हणजे २०,७३,६०० ठिपके असतात. सेकंदास ६० चित्रें दाखवावयाचीं, तर दर सेकंदास १२,४४,१६,००० ठिपक्यांचा रंग ठरवावा लागतो. फोर-के पडद्यावर ठिपके याच्या चौपट.

हें केवळ मुलांच्या खेळाचें साधन आहे असेंही समजूं नये. शेख नासिर यांनीं २००० सालीं ‘मालेगाव के शोले’ हा चित्रपट येथेंच काढला. पुढें आपल्या सुपरमॅनच्या चित्रपटांत त्यांनीं यंत्रमागावर काम करणारा नायक हिरव्या पडद्यासमोर उभा केला आणि संगणकाच्या साह्यानें आकाशांत उडविला. फैजा अहमद खान यांच्या माहितीपटामुळें ती हकीकत देशाबाहेर गेली, आणि २०२५ सालीं रीमा कागती यांचा ‘सुपरबॉईज ऑफ मालेगाव’ चित्रपटगृहांत आला. ज्या गांवांत चित्राची हौस इतकी जुनी, तेथील मुलानें तीच विद्या शिकावयाची म्हटलें, तर वडिलांनीं तिचें साधन नीट पारखून द्यावें हें योग्यच.

आतां दोन कार्डें शेजारीं ठेवूं. एनव्हिडिया कंपनीचें आरटीएक्स ३०६० हें २०२१ सालचें. त्यांत ३५८४ कोअर व १२ जीबी स्मृति. आरटीएक्स ४०६० हें २०२३ सालचें. त्यांत ३०७२ कोअर व ८ जीबी स्मृति. खोकें वाचणारा म्हणेल, पहिलेंच श्रेष्ठ. परंतु शेडमध्यें माग किती, एवढ्यावरून कापड मोजतां येत नाहीं. मागाचा वेगही पाहावा लागतो. पहिल्याचा वेग सुमारें १.७८ गिगाहर्ट्झ, दुसऱ्याचा २.४६. प्रत्येक कोअर एका ठोक्यास दोन क्रिया करतो, असें धरून गुणाकार केला, म्हणजे पहिल्याच्या सेकंदास सुमारें १२.७ लाख कोटी क्रिया होतात, दुसऱ्याच्या १५.१ लाख कोटी. पारडें उलटलें !

तरीही हिशेब पुरा झाला नाहीं. कांड्या वेळेवर भरून आल्या नाहींत, तर वेगवान मागही उभा राहतो. स्मृतींतून माहिती पुरविण्याचा वेग पहिल्यांत सेकंदास ३६० जीबी आहे, दुसऱ्यांत २७२ जीबी. ही उणीव दुसऱ्यानें मागाशेजारींच सुताची मोठी टोपली ठेवून बरीचशी भरून काढली आहे; तिला कॅश म्हणतात. म्हणून फुल एचडी पडद्यावर सामान्यतः ४०६० पुढें राहतें, आणि वीजही ११५ वॉटच घेतें. ३०६० ला १७० वॉट लागतात. परंतु त्रिमिती चित्राचा पसारा ८ जीबींत मावेनासा झाला, कीं १२ जीबीचें जुनें कार्ड सरस ठरतें. श्रेष्ठ कोणतें, हा प्रश्नच अपुरा आहे. कोणत्या कामास, हें आधीं विचारावें.

नांवावरही विसंबूं नये. जीटी १०३० या एकाच नांवाखालीं २०१७ सालीं सेकंदास ४८ जीबी पुरविणारें कार्ड आलें, आणि २०१८ सालीं त्याच नांवाचें, पण केवळ १६.८ जीबी पुरविणारें. तसेंच निरनिराळ्या कंपन्यांच्या कोअरांची तुलना करूं नये. एएमडीच्या आरएक्स ७६०० मध्यें असे २०४८ घटक आहेत. ३०७२ शीं त्यांची वजाबाकी करणें म्हणजे शेरांतून गज वजा करणें होय.

मग प्रमाण कोणतें ? तर प्रत्यक्ष. तेथेंही अन्वय-व्यतिरेक संभाळावा : संगणक तोच, काम तेंच, पडदा तोच, बदल फक्त कार्डाचा. निकाल वाचतांना केवळ सरासरीवर भुलूं नये. वर्षभर सारखें साठ गुण मिळविणारा विद्यार्थी, आणि एकदां नव्वद व एकदां तीस मिळविणारा, यांची सरासरी एकच. परंतु शिक्षकास भेद कळतो. म्हणून सर्वांत मंद एक टक्का चित्रें कोणत्या वेगानें येतात, तोही आंकडा पाहावा. येथें स्थालीपुलाकन्याय चालत नाहीं. एका शितावरून सारा भात शिजला असें म्हणतां येत नाहीं.

आतां आमच्या घरची गोष्ट. पुतण्याचा मुलगा त्रिमिती चित्रकला शिकतो. चार जणांनीं पैसे घातले व कार्ड आलें. परंतु चित्र पूर्वीसारखेंच अडखळे. तीन आठवडे घरांत कुजबुज चालली. शेवटीं मी सर्वांसमक्ष त्याच्यावर रागावलों, कीं पैसे मातींत घातलेस. तो उलट बोलला नाहीं. दुसऱ्या दिवशीं म्हणाला, “आजोबा, मागची तार काढून पाहूं का ?” पाहतों तों पडद्याची तार नव्या कार्डास नव्हे, तर संगणकाच्या जुन्याच खांचेंत ! कार्ड इतके दिवस रिकामें बसलें होतें. आणि खोलीची झाडलोट झाल्यावर ती तार मींच लावली होती. रागावलों सर्वांसमक्ष, म्हणून चूकही मीं सर्वांसमक्षच कबूल केली.

तेव्हां वाचकांस एवढेंच सांगणें. काम कोणतें, पडदा केवढा, स्मृति किती व तिचा पुरवठा किती वेगाचा, घरच्या संगणकास तेवढी वीज पुरवितां येते कीं नाहीं, हें सारें मुलाला शेजारीं बसवून विचारावें. आणि वस्तु घरीं आल्यावर तिच्यांत कांहीं उणें दिसलें, तर मुलाची परीक्षा घेण्यापूर्वीं तारेची घ्यावी.