यंत्राआधीची तयारी : कोणाची?

गेल्या हंगामात आमच्या भागातील एका साखर कारखान्यावर कृत्रिम बुद्धिमत्तेविषयी शिबिर झाले. संचालक, शेतकी अधिकारी, मोठे बागायतदार पुढे बसले होते. शेतोशेत फिरून उसाची नोंद करणारे चिटबॉय चहाच्या व्यवस्थेला लावले होते. काट्याबाहेर ट्रॅक्टरजवळ थांबलेल्या तोडणी कामगारांना आत काय चालले आहे हे कोणी सांगितलेच नाही. विषय होता, 'नव्या तंत्रासाठी संस्थेची तयारी'!

हे तंत्र म्हणजे जादू नव्हे. मागच्या नोंदींतून यंत्र काही आकार ओळखते आणि त्यावरून पुढचा अंदाज बांधते. २०२४ पासून बारामतीच्या ॲग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्टने उसावर हा प्रयोग चालविला आहे. उपग्रहाची चित्रे, मातीतील ओलावा, हवामान यांवरून पाणी आणि खत किती द्यावे याचा सल्ला शेतकऱ्याला मोबाईलवर मिळतो. २०२५ मध्ये राज्य सरकारने शेतीतील कृत्रिम बुद्धिमत्तेसाठी ५०० कोटी रुपयांचे धोरण मंजूर केले. उद्या तोडणीचा कार्यक्रम, मजुरांची गरज, हार्वेस्टरची फेरी हेही यंत्रच ठरवू लागले तर नवल नाही.

म्हणून पहिली तयारी नोंदवहीची. यंत्र वहीतून शिकणार. आणि वहीत काय आहे? तिथे माणूस नाही, 'कोयता' आहे. नवरा-बायको मिळून एक कोयता. मी पाथर्डी तालुक्यातला, ऊसतोडणी करणाऱ्या घरातला पहिला पदवीधर. माझी आई ऊस तोडायची, पाचट काढायची, मोळ्या बांधून डोक्यावरून गाडीपर्यंत वाहायची. मुकादमाच्या वहीत उचल वडिलांच्या नावावर आणि टनही त्यांच्याच नावावर. आईचे नाव कुठेच नाही. ही वही जशीच्या तशी यंत्राला शिकवली, तर यंत्राच्या हिशेबी ती कधी उसात गेलीच नव्हती असे ठरेल. मग भरपाईचा किंवा नव्या कामाच्या शिक्षणाचा प्रश्न आला की तिची आठवण कोणाला राहणार?

सहकारी साखर कारखानदारीचा पाया १९५० च्या सुमारास याच जिल्ह्यात, प्रवरानगरला घातला गेला. ज्याचा ऊस तो सभासद, असा तो सहकार. तोडणारा त्यात नव्हता. कारखाना त्याला आपला कामगारही मानत नाही. मधे मुकादम असतो. कामगार कपात होईल असे तंत्र आणण्यापूर्वी २१ दिवसांची नोटीस द्यावी, अशी तरतूद १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात होती आणि त्याच्या जागी आलेल्या संहितेतही बदलाच्या नोटिशीची तरतूद आहे. पण नोटीस लागते ती कामगाराला. कोयत्याला कोण देतो!

आपल्यातील काही कार्यकर्ते म्हणतात, यंत्रालाच विरोध करू. मला हे पटत नाही. कोयत्याचे मला कौतुक नाही. आईची पाठ मी पाहिली आहे. बाबासाहेबांनी १९४५ मध्ये गांधीवादाची चिकित्सा करताना यंत्राची बाजूच घेतली होती. माणसाला जनावरासारखे राबण्यातून सुटका आणि फुरसत यंत्रामुळेच मिळू शकते, दोष यंत्राचा नसून त्याचा लाभ मूठभरांच्या हाती देणाऱ्या समाजरचनेचा आहे, असे त्यांचे प्रतिपादन होते. तेव्हा मागणी अशी करावी लागेल : यंत्र घेण्याचा ठराव होण्याआधी चिटबॉय, मुकादम आणि तोडणी कामगार, त्यातही स्त्रिया, चर्चेला बसल्या पाहिजेत. यंत्राचा अंदाज चुकला तर तो बदलण्याचा अधिकार चिटबॉयला हवा. कोणत्या फडात गाडी रुतते, हे उपग्रहापेक्षा त्याला अधिक कळते. शिकण्याच्या दिवसांची मजुरीही मिळाली पाहिजे. नाहीतर शिकायला येणार कोण?

माझ्या वर्गातल्या काही मुलामुलींनी दिवाळीनंतर, टोळ्या गाव सोडताना, साधी वही केली. नवऱ्याचे नाव एका रकान्यात, बायकोचे दुसऱ्यात, पुढे दोघांचे काम वेगवेगळे. आतापर्यंत दोन गावे झाली आहेत. एका मुकादमाने वही पाहून विचारले, "बाईचं नाव लिहून पैसे दोनदा द्यायचे काय?" मुलीने तो प्रश्नही शेऱ्याच्या रकान्यात लिहून घेतला.