रक्तात नागरिकत्व नसते

२६ नोव्हेंबर २००८ रोजी मुंबईवर हल्ला करणारे दहा जण ‘कुबेर’ या मच्छीमार बोटीतून आले होते. पोरबंदरची ही बोट त्यांनी भरसमुद्रात पळवली आणि तिच्या तांडेलाला ठार मारले. पुढे नऊ हल्लेखोर मारले गेले, एक जिवंत सापडला. त्यांच्यासाठी हैदराबादच्या एका महाविद्यालयाची खोटी ओळखपत्रे भारतीय नावांनी तयार केलेली होती. कसाबच्या ओळखपत्रावर नाव होते समीर चौधरी. कागद खोटे, तर मग माणूस कोण, वय काय आणि देश कोणता? या तीन प्रश्नांपैकी वैद्यकशास्त्र नेमके कशाचे उत्तर देऊ शकते?

आधी वयाचा प्रश्न घेऊ. एप्रिल २००९ मध्ये खटला सुरू होताच कसाब अल्पवयीन असल्याचा दावा करण्यात आला. वय १८ पेक्षा कमी ठरले असते तर खटलाच बालन्यायालयाकडे गेला असता. न्यायालयाने हाडांची आणि दातांची तपासणी करायला सांगितली. वाढत्या वयात लांब हाडांच्या टोकांशी कूर्चेची पट्टी असते. वाढ पूर्ण झाली की ती हाडाशी एकजीव होते. मनगटाजवळ हे साधारण १७ ते १९ व्या वर्षी होते, तर गळ्याखालच्या आडव्या हाडाचे छातीकडचे टोक विशीनंतर जुळते. अक्कलदाढही मदतीला येते. कसाबचे वय २० पेक्षा जास्त असल्याचा अहवाल आला आणि तो अल्पवयीन नाही, असे न्यायालयाने ठरवले.

भंडाऱ्यासारख्या जिल्ह्यातही ही तपासणी नेहमीचीच आहे. गुरुजींनी दाखल्यावर ‘१ जून’ किंवा ‘१ जुलै’ टाकलेली कितीतरी माणसे आपल्या गावोगावी आहेत. पण एक्स-रे जन्मतारीख सांगत नाही, अंदाज सांगतो, आणि त्यात एक-दोन वर्षांचा फरक पडू शकतो. म्हणूनच अल्पवयीन कोण हे ठरवताना कायदा आधी शाळेचा दाखला किंवा दहावीचे प्रमाणपत्र पाहतो, ते नसेल तर जन्मनोंद, आणि यांपैकी काहीच नसेल तेव्हाच हाडांकडे वळतो.

आता ‘कोण’ हा प्रश्न. ‘कुबेर’वर पांघरुणे आणि कपडे सापडले. घाम आणि लाळेच्या डागांत शरीराच्या पेशी राहतात, त्यांतून डीएनए काढता येतो. तो दहा जणांच्या डीएनएशी ताडून पाहिला तेव्हा कसाबसह काही जण त्या वस्तूंशी जोडले गेले. हे हल्लेखोर बोटीत होते, याचा हा भक्कम पुरावा ठरला.

पण डीएनए नाव सांगत नाही. तो फक्त दोन नमुन्यांची तुलना करतो. वैनगंगेत अनोळखी मृतदेह सापडला आणि नमुना नागपूरच्या न्यायसहायक प्रयोगशाळेत गेला, तरी ताडून पाहायला आई, वडील किंवा मुलाचा नमुना लागतोच. मुंबईतल्या त्या नऊ मृतदेहांसाठी कुणीच आले नाही. वर्षभराहून अधिक काळ ते जे. जे. रुग्णालयाच्या शवागारात होते आणि जानेवारी २०१० मध्ये गुप्तपणे दफन झाले.

राहिला देशाचा प्रश्न. इथे आमचे शास्त्र थांबते. सीमेच्या दोन्ही बाजूंना तीच हाडे, तेच रक्तगट, तेच पूर्वज. नागरिकत्व ही कायद्याने दिलेली गोष्ट आहे, ती पेशीत लिहिलेली नसते. ते सिद्ध झाले इतर खुणांवरून: बोटीवरच्या पाकिस्तानी बनावटीच्या वस्तू, रबरी बोटीच्या इंजिनाचा मागोवा, कसाबचा कबुलीजबाब. अखेर जानेवारी २००९ मध्ये कसाब आपला नागरिक असल्याचे पाकिस्ताननेच मान्य केले.

शरीर हाती नसतानाही ओळख पटते, हे त्याआधीच दिसले होते. डिसेंबर १९९९ मध्ये ‘आयसी-८१४’ विमान पळवणारे पाच जण एकमेकांना ‘चीफ’, ‘डॉक्टर’, ‘बर्गर’, ‘भोला’ आणि ‘शंकर’ म्हणत. ते कंदहारहून निघून गेले. रक्ताचा थेंबही हाती नव्हता. पण मुंबईत त्यांचे साथीदार पकडले गेले आणि ६ जानेवारी २००० रोजी केंद्र सरकारने पाचही जणांची नावे, गावे जाहीर केली. ते पाचही पाकिस्तानी होते.

एवढी यंत्रणा राबल्यावर जे ठरते, ते आपण अनेकदा चेहरा, भाषा आणि कपडे पाहून क्षणात ठरवून टाकतो. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात मुले पळवणारे समजून जमावाने पाच जणांना ठार मारले. ते नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे होते, पोटासाठी भटकणारे, आपल्याच देशातले.

शवविच्छेदन करताना त्वचेखाली कुणाचा देश दिसत नाही, जात दिसत नाही. अनोळखी माणसाची शंका आली तर ११२ क्रमांकावर पोलिसांना कळवा आणि ते येईपर्यंत त्याला कुणी हात लावणार नाही, एवढे पाहा. चौकशीत तो निर्दोष निघाला, तर घरी परतण्यासाठी तो जिवंत असायला हवा.